रंगांचे पंच

इमारतीला रंग काढायचा ठराव झाला की प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ अचानक दहा वर्षांनी तरुण होतात. पार्किंग, लिफ्ट, पाण्याचा टँकर यांवर एरवी ते चकार शब्द काढत नाहीत. पण सेक्रेटरी म्हणाला, "खालचा पट्टा ब्राऊन घेऊ," की ते सावकाश चष्मा पुसतात आणि विचारतात, "ब्राऊन म्हणजे कोणता? विटकरी की तपकिरी?"

सभेतून कोणीतरी म्हणतं, "दोन्ही एकच हो." झालं! सभा आणखी पाऊण तास लांबते.

अख्खी सोसायटी त्यांना काका म्हणते. काकांच्या मते विटकरी हा भाजलेला रंग आणि तपकिरी हा सुकवलेला. विटेच्या मातीत लोह असतं. भट्टीत हवा नीट खेळली की त्याचं लाल ऑक्साइड होतं. कोंडली तर वीट काळवंडते. खिडकीच्या ग्रिलला आधी रेड ऑक्साइड लावतात, त्याच्या लालीमागेही हेच लोह. तपकीर म्हणजे तंबाखूच्या वाळलेल्या पानांची पूड. तिच्यात लाली नावालाच, मळकट पिवळेपणा जास्त. एवढं झालं की काका खिशातून रुमाल काढतात आणि तपकीर ओढणाऱ्या आपल्या वडिलांच्या रुमालावर डाग कुठे कुठे पडायचे ते बोटाने दाखवतात. रुमाल पांढरा स्वच्छ असतो, तरी पहिल्या रांगेतले लोक खुर्ची मागे सरकवतात.

"काका, तपकीर कोण ओढतं आता? चॉकलेटी म्हणा ना," तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सुचवते.

काकांना हेच हवं असतं. "तंबाखू मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी इकडे आणला. तुझा कोकोही अमेरिकेतलाच. वीट मात्र घरची! मोहेंजोदडोपासून भाजतोय आपण."

आता कोकणातले एक सभासद उठतात. त्यांच्या गावच्या जांभ्याला काय म्हणायचं? काका खुलतात. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हा दगड पाहिला. खाणीत असताना तो इतका मऊ, की लोखंडी हत्याराने त्याचे चौकोनी ठोकळे कापता येतात. उघड्यावर ठेवला की कडक होतो. 1807 साली बुकाननने त्याला लॅटराइट नाव दिलं, कारण लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. "तेव्हा जांभा विटकरी. मी नाही, शास्त्र म्हणतंय."

"पण आमच्या चिऱ्यावर पिवळट तपकिरी ठिपकेही असतात," कोकणकर सहजासहजी ऐकणारे नसतात.

"ते पाणी धरून बसलेलं लोह! भाजा, लाल होईल." हे मात्र खरं आहे. चित्रकारांचा बर्न्ट सिएना असाच होतो: इटलीतल्या सिएना गावाच्या नावाने ओळखली जाणारी पिवळट तपकिरी माती भाजली की ती तांबूस होते.

साड्यांच्या दुकानात काकांची कीर्ती वेगळी आहे. काकूंनी पसंत केलेली साडी ते ट्यूबलाइटखाली बघतच नाहीत; घडी उचलून थेट फुटपाथवर, उन्हात नेतात. मागोमाग दुकानातला पोरगा धावतो. "मरून आहे साहेब," तो म्हणतो. "मरून म्हणजे फ्रेंचांचं चेस्टनट," काका सांगतात. "तू पाहिलंयस का कधी?" पोरगा मुकाट्याने पुढची घडी उलगडतो. काकू तोवर अबोली रंगाचं बिल करून मोकळ्या झालेल्या असतात.

काकांची खरी पंचाईत रंगारी करतो. तो शेडकार्ड पुढे धरतो आणि म्हणतो, "काकाजी, नंबर बोलिए." त्या कार्डावर विटकरीही नसतो, तपकिरीही नसतो. चार आकडी कोड असतात आणि खाली एखाद्या वाळवंटाचं किंवा कॉफीचं इंग्रजी नाव. रंगाच्या विषयावर पहिल्यांदाच काका गप्प बसतात.

तरीही काकांना अगदीच मोडीत काढू नका. इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नसतो. मंद नारिंगीच्या शेजारी उजळ काही असलं की डोळ्याला तो तपकिरी दिसतो. म्हणूनच कार्डावरची बोटभर पट्टी भिंतीवर चढल्यावर ओळखू येत नाही. तुमच्या सोसायटीतही असे काका असतीलच. सभेत त्यांना दोन मिनिटांच्या वर बोलू देऊ नका. पण डबे मागवण्याआधी भिंतीवर दोन हात लांबरुंद नमुना मारून घ्या, पूर्ण वाळू द्या, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या उजेडात तो काकांना दाखवा. तेवढ्या कामापुरता त्यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही, आणि तो पैसेही घेत नाही.