फॉरमॅटभाऊ

प्रत्येक सोसायटीत एक फॉरमॅटभाऊ असतात. ते आयटीतलेच असायला हवेत असं नाही. बँकेतून निवृत्त झालेलेही चालतात. घरात दोन टीबीची हार्ड डिस्क आली की बाकीच्यांना लग्नाचे फोटो आठवतात, भाऊंना एकच प्रश्न पडतो: फाइल सिस्टीम कुठली?

मग स्थळं बघणं सुरू होतं. फॅट३२ दारातूनच परत जातं. चार जीबीची एक फाइल त्याच्या पोटात मावत नाही, म्हणजे पुतणीच्या लग्नाची फिल्मच बाहेर! एनटीएफएस १९९३ पासूनचं, खात्यापित्या घरचं, "पण मायक्रोसॉफ्टचं हो," म्हणून भाऊ नाक मुरडतात. आपला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, हे पाहुण्यांना चहाच्या आधी कळलेलं असतं. एक्सएफएस रुबाबदार, मोठाल्या फाइली लीलया पेलणारं. फक्त एकदा अंगानं वाढलं की पुन्हा बारीक होत नाही. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्सच्या बड्या घराण्यातलं, प्रत्येक ब्लॉकचा चेकसम तपासणारं. पण त्याच्या आणि लिनक्स कर्नलच्या लायसन्सची पत्रिका जुळत नाही. बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट पाहून भाऊ हरखतात, पण रेड-५चं नाव निघालं की कडक मंगळ. उरतं ईएक्सटी४. २००८ पासून निमूट राबतंय, वीज गेली तरी जर्नल वाचून सावरतं, तक्रारीला जागा नाही.

"तेच तर!" भाऊ वैतागतात. "चार माणसांत बोलण्यासारखं काही नाहीच त्यात."

तरी करून मात्र सगळी बघतात. दर फॉरमॅटला डिस्क कोरी होते, कोरी डिस्क पळते झकास, आणि भाऊ त्याचं श्रेय त्या आठवड्याच्या फाइल सिस्टीमला देतात. फोटो डिस्कवर चढायचा मुहूर्त काही निघत नाही.

शेवटी वहिनींनीच फोटो दोन डिस्कवर उतरवून घेतले. एक कपाटात, एक माहेरी. दुकानातून आल्या तशाच वापरल्या, एक्सफॅटच्या.

भाऊ कळवळले. "एक्सफॅट? अगं, त्याला जर्नलसुद्धा नाही!"

"डिस्कच मेली तर तुमचं जर्नल काय करणार? माझी दुसरी प्रत आहे. तुमची कुठंय?"

"बॅकअप ना? तो पुढचा टप्पा," भाऊ चष्मा पुसत म्हणाले. "आधी ब्लॉक साइज तर ठरू दे."