यामाहाचा कॅसिओ

आमच्या सोसायटीतले भाऊकाका गेली अकरा वर्षं कीबोर्ड घेताहेत. ‘घेणार आहेत’ असं मी मुद्दामच म्हणत नाही. घेण्याचं काम रोज चालू असतं, फक्त वस्तू घरात येत नाही.

‘कीबोर्ड’ हा शब्दही माझा. भाऊकाका कॅसिओच म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा. “यामाहाचा कॅसिओ दाखवा,” असं ते दुकानात सांगतात आणि दुकानदारालाही त्यात वावगं वाटत नाही. कॅसिओ ही मूळची कॅल्क्युलेटरवाली मंडळी, वाद्यांत ती १९८० साली उतरली, हेही मला त्यांनीच सांगितलं. “म्हणून हिशेबाला पक्के!” बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला वाद्यात हा गुण दिसावा, यात नवल नाही.

बँकेच्याच एका जुन्या डायरीत त्यांनी रकाने आखलेत : पट्ट्या, टच, आवाज, भाव. भाव पेन्सिलीनं, कारण तो खोडावा लागतो. पहिल्या पानावर साडेसहा हजार दिसतात. “तेव्हाच घ्यायचा होतात,” मी म्हणालो, तर म्हणाले, “अरे, त्याला टच नव्हता!” टच म्हणजे पट्टी हळू दाबली की हळू आणि जोरात दाबली की मोठ्यानं वाजायची सोय. अगदी स्वस्तातल्या मॉडेलला ती बहुधा नसते. गोंजारा नाहीतर बडवा, उत्तर एकाच सुरात. “आमच्या काउंटरसारखं,” हेही त्यांचंच.

एकदा त्यांच्याबरोबर पेठेतल्या एका दुकानात जायची चूक मी केली. आधी त्यांनी खिशातून रुमाल काढून पट्ट्या पुसल्या. मग सगळ्यात डावीकडची दाबली, सगळ्यात उजवीकडची दाबली, आणि मान हलवली.

“पट्ट्या किती?”

“एकसष्ट, काका. पूर्ण पाच सप्तकं.”

“पाच बारे साठ. ही एक जास्तीची कशाला?”

“वरचा सा लागतो ना, काका.”

“मग तिचे पैसे लावू नका.”

पोरगा हसला. त्याला वाटलं, विनोद झाला. पुढचा प्रश्न पॉलिफोनीचा. एका वेळी अठ्ठेचाळीस आवाज निघतात म्हटल्यावर भाऊकाकांनी दोन्ही हात त्याच्यासमोर पसरले. “मला बोटं दहा. बाकीचे अडतीस कोण वाजवणार?” त्यानं बिचाऱ्यानं समजावलं की, पेडल दाबलं की आधीचे सूर रेंगाळतात, शिवाय आतला ठेका आणि साथीची वाद्यंही त्याच कोट्यातून आवाज खातात. काकांनी ते डायरीत लिहून घेतलं. पोरानं पाणी दिलं, चहा दिला. निघताना काका म्हणाले, “बघून सांगतो.”

या वाक्याला शहरातली सगळी दुकानं ओळखतात.

खरं तर घरात हार्मोनियम आहे. काकूंची, माहेरून आलेली. त्यांचं भजनी मंडळ काळी चारमध्ये गातं आणि साथ करणाऱ्या बाईंचा हात पांढरी एकवरच बसलेला. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की बोटं पांढरी एकची आणि सूर काळी चारचा, म्हणून कीबोर्ड हवा, हा मूळ प्रस्ताव काकूंचा. तो बाजूला पडून त्याची चौकशी समिती झाली, ती भाऊकाकांमुळे. फार टोकलं तर ते इतिहासात शिरतात. “ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती उठवायचं ठरवायला तीस वर्षं लागली. एवढं मोठं खातं! मला तर अकराच झालीत.”

गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून अख्खा ऑर्केस्ट्रा ऐकू आला. पियानो, व्हायोलिनं, खाली झकास ठेका. मी चपला न घालताच धावलो. जेवणाच्या टेबलावर नवा कोरा कीबोर्ड, वर प्लॅस्टिक तसंच. भाऊकाका डोळे मिटून बसलेले आणि दहाही बोटं पट्ट्यांच्या इंचभर वरून, हवेत, भरधाव पळताहेत. डेमोचं बटण लाल चमकत होतं.

मला बघून त्यांनी हात मांडीवर घेतले. ऑर्केस्ट्रा वाजतच राहिला.

“आवाज कसा वाटतो?”

“फर्स्ट क्लास! घेतलात शेवटी?”

“छे रे. मुलीनं बंगळुरूहून परस्पर मागवला. सात दिवसांत परत करता येतो, आज सहावा. उद्या सकाळी खोक्यात भरून…”

“खोका मी कालच रद्दीवाल्याला दिला,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.