मामांची हाळी

रोह्याचे आमचे मामा मोबाइलवर बोलत नाहीत, हाळी देतात. पेण पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब. एवढ्या लांब आवाज पोचवायचा तर घसा मोकळा सोडायलाच हवा, असा त्यांचा हिशेब. भाद्रपद जवळ आला की फोन सुरू : "दोन फुटी सांग! सोंड डावी! डावीऽऽ!" मी पेणच्या कारखान्यात उभा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश वर धरून विचारतो, "रोह्याहून का? मग फोन कशाला लावलाय?"

मामांना मी समजावून पाहिलं. म्हटलं, फोन तुमच्या आवाजाचे आकडे करतो, आणि ते आकडे रेडिओलहरींवरून जातात फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. पुढचा प्रवास बहुतेक जमिनीखालच्या काचेच्या तारेतून. पेणला पुन्हा टॉवर, पुन्हा लहरी, मग माझा कान. तुम्ही ओरडलात म्हणून लहरीचा जोर वाढत नाही. फोनने किती जोर लावायचा, हे टॉवर ठरवतो.

"मग तुझं मला ऐकू येतं, माझं तुला का नाही?"

प्रश्न बिनतोड होता. टॉवर दहा-वीस वॅट सहज ओततो. खिशातल्या फोरजी फोनची धाव पाव वॅटच्याही आतली. रेंज पडली की तो बिचारा सगळी ताकद लावतो, तापतो, बॅटरी खातो.

मामांचा जीव खरा ट्रान्झिस्टरवर. त्याला फक्त ऐकायचं असतं, उत्तर द्यायचं नसतं. मुंबईच्या अस्मिता वाहिनीची 558 किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब. डोंगराला वळसा घालून येते. मोबाइलची 900 मेगाहर्ट्झची लहर जेमतेम फूटभर, ती टेकाडाआड अडते, स्लॅबखाली दमते.

बोलता बोलता मामा अंगणभर फिरतात, ते मात्र शास्त्राला धरून. लहरी भिंतींवर, पत्र्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात. कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारून टाकतात. या दोन जागांत वीतभरसुद्धा अंतर नसतं. मामांना तुळशीजवळ रेंजची जागा सापडली आणि त्यांनी तिथे चुन्याने फुली मारली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने कुंपणापलीकडे टेम्पो लावला; लहरींच्या वाटा बदलल्या, फुली वाया. मग नवी फुली. टेम्पो हलला, आणखी एक फुली.

मामी म्हणते, रांगोळीचं काम वाचलं.