दोन दिवस बुडून दाखवा

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा सल्ला आहे की प्रत्येक घरात एक आपत्कालीन संच भरून तयार असावा. यादीत बॅटरी, जादा सेल, सेलवर चालणारा रेडिओ, प्रथमोपचाराची पेटी, कोरडा खाऊ, बंद बाटलीतलं पाणी, ओल न लागणाऱ्या डबीतली काडेपेटी, क्लोरिनच्या गोळ्या, जाड दोर, मजबूत बूट, रोख पैसे, आधार आणि रेशन कार्ड आहे. आणि हवाबंद डबे उघडायचं ओपनर.

ओपनरपाशी आमचे शेजारी काकाजी अडले. ‘‘काहून जी, थे कायले पायजे?’’ प्रश्न रास्त होता. गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हवाबंद डब्यातलं जेवण जेवणारा माणूस शोधायचा तर आधी त्याच्यासाठीच आपत्ती पथक पाठवावं लागेल. आमच्याकडे पत्र्याचा डबा येतो तो तेलाचा पिपा. तो पेचकस लावून वर बत्ता हाणला की उघडतो, आणि रिकामा झाला की त्यात तांदूळ राहतो किंवा तुळस.

कोरड्या खाऊचं काय, असं कोणी विचारलं तर आम्ही हसतो. अख्खा जिल्हा धानाचा! पण धान म्हणजे जेवणाचा नुसता अर्ज आहे. मंजुरी पुढे मिळवायची असते. धानाचा तांदूळ करायला गिरणी लागते, गिरणीला वीज लागते आणि वीज ढग दिसताच रजेवर जाते. भात शिजवायला पाणी लागतं. ते घरात कमरेएवढं असतं, पण त्यात शेजारच्या गोठ्याचाही वाटा असतो. सरपण तरंगत गेलेलं असतं. शिवाय पूर येतो ऑगस्टात. तेव्हा खरिपाचं धान कट्ट्यात नसतं, बांधीत असतं आणि रोवणीचे पैसे अजून फिटलेले नसतात. राहता राहिले मुरमुरे. ते हलके असतात, टिकतात आणि पाण्यावर तरंगतात. प्राधिकरणाने त्यांचा विचार करावा.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र जिल्ह्याची सज्जता वाखाणण्याजोगी आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून, पाटीवर दाबून दाबून घोटायचा, वर दोरा गुंडाळायचा, झाला खर्रा. कागदोपत्री त्याच्यावर बंदी आहे. 2020च्या टाळेबंदीत पानठेले बंद झाले तेव्हा शेजारणीला वाटीभर साखर न देणाऱ्या माणसांनी कुठकुठून खर्रे पैदा केले, हे पाहिलेल्याला पुरवठा साखळीवरचं व्याख्यान ऐकायची गरज नाही. जलरोधक वेष्टनाची शासकीय अट इथे वर्षाचे बारा महिने पाळली जाते. रेडिओचे सेल मात्र भिंतीवरच्या घड्याळातून काढावे लागतात.

इशाऱ्यांची सोयही आता चांगली झाली आहे. 20 जुलै 2023 ला राज्यातले हजारो मोबाइल एकदम किंचाळले आणि चाचणी संदेश दाखवू लागले. बऱ्याच जणांनी आधी बँकेतली शिल्लक तपासली. पावसाळ्यात तर व्हॉट्सॲपवर संदेशच संदेश: अमुक धरणाची इतकी दारं उघडली, इतक्या क्युमेकने विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर. हे आम्ही काकाजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, ‘‘म्हणजे मारोतीच्या ओट्यापर्यंत का चुलीपर्यंत?’’ गावाचं माप हेच आहे आणि ते एकाही संदेशात नसतं.

धरण बहुधा आमचं नसतंच. वैनगंगेवरचं संजय सरोवर मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. पाऊस कोसळतो तिकडे, दारं उघडतात तिकडे आणि पाणी वस्तीला येतं इकडे. 2020च्या ऑगस्ट अखेरीस ते असंच आलं आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांच्या उंबऱ्यांना भेट देऊन गेलं. खाली गोसेखुर्दची 33 दारं आहेत. दोन राज्यांच्या मधल्या पाण्याला ना टोल लागतो ना परमिट.

संच ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. पुरासाठी तो उंच टांगावा, हे शहाणपण झालं. पण अर्जुनी मोरगावकडे 2022 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने आलेला रानटी हत्तींचा कळप फिरून गेला. हत्तीला धान आवडतं, मोहफूल त्याहून आवडतं आणि उंचीची त्याला अडचण नाही. खाली ठेवावं तर वैनगंगा, वर टांगावं तर गजराज. प्राधिकरणाच्या पत्रकात हत्तीसाठी रकाना नाही.

हे सगळं असूनही पुराची भीती बाळगायचं कारण नाही. पूर दोन-तीन दिवसांत ओसरतो. तग धरायचा असतो तो त्यानंतर येणाऱ्या पंचनाम्यात.

2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत पूरग्रस्त कुटुंबाला कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये आहेत. अट अशी की घर वाहून गेलेलं असावं, पूर्ण पडलेलं असावं, नाहीतर दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात बुडालेलं असावं. म्हणजे दीड दिवसात ओसरणारं पाणी हे पाणीच नव्हे, तो पाहुणा. छपरावर बसलेल्या कुटुंबाने आता देवाकडे काय मागावं? ‘‘माय वैनगंगे, आलीच आहेस तर उद्या संध्याकाळपर्यंत थांब.’’ 2019 साली सांगली-कोल्हापूर बुडालं, तेव्हा दहा किलो गहू-तांदळालाही शासन निर्णयात आधी हीच दोन दिवसांची मोजपट्टी लावली होती. मदतीच्या पाकिटांवर फोटोवाले स्टिकर लावायला मात्र तेवढा वेळ लागला नाही.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळाच्या मापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटर जमलं तर अतिवृष्टी, 64 जमलं तर नुसता पाऊस. एका मिलिमीटरने कितीतरी बांधी कोरड्या ठरतात. त्यातली रोपं मात्र सडलेलीच राहतात, कारण त्यांना शासन निर्णय वाचता येत नाही.

तेव्हा आम्ही संचाची यादी नव्याने केली. ओपनर काढून मीटरची पट्टी घातली, भिंतीवरची ओल मोजायला. बूट काढून सातबारा घातला. क्लोरिनच्या दोन गोळ्या कमी करून बँक पासबुकाच्या झेरॉक्स वाढवल्या. त्या पुराआधीच काढाव्या लागतात, कारण नंतर झेरॉक्सवाला स्वतःच अर्जदार असतो. तारीखवेळ उमटणारा फोटो काढायला चार्ज केलेला मोबाइल हवा. शिवाय पंच हवेत, आणि तेही कोरड्या कपड्यांतले. संच भरताना काकाजींच्या घरची कागदपत्रं शोधली, तर ती पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीखाली निघाली. पाणी शिरतं तेव्हा पहिलं तिथेच पोचतं. काकूजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘चोर शेवटी पोचते ना पण!’’ शासनाला पूर दिसतो, त्यांना चोर. दोघांची तयारी आपापल्या जागी चोख आहे.

शेवटी सगळा ऐवज एका जाड पन्नीत बांधला, पन्नी पोत्यात घातली, पोतं आड्याला टांगलं. आपण आता आपत्तीमित्र झालो, असं आम्हाला वाटू लागलं. तेवढ्यात काकाजींनी तहसीलमधून निवृत्त झालेल्या त्यांच्या साळ्याला फोन लावून शंका विचारली, की हे पोतंच वाहून गेलं तर ते कपड्यांत लिहायचं की भांड्यांत?

पलीकडून विचारणा झाली, ‘‘सामानाच्या पावत्या आहेत का?’’

‘‘आहेत ना,’’ काकाजी म्हणाले, ‘‘पोत्यातच ठेवल्या.’’