पायाळूची कंबर

गॅसचं सिलिंडर मी स्वतः उचलून आत नेलं. आतला गॅस १४.२ किलो आणि वर लोखंडाचं वजन तेवढंच, किंबहुना जास्तच. कंबरेनं हूं की चूं केलं नाही. मग ओट्याखाली कढीपत्त्याचं एक पान पडलेलं दिसलं. ते उचलायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली.

कुणी विचारलं तर मी सिलिंडरचं सांगतो. कढीपत्ता घराबाहेर गेलेला नाही.

मी काटकोनात थिजलो होतो. बायको आली, म्हणाली, "अहो, काय शोधताय?" मला बोलता येईना. तीही वाकली आणि अर्धा मिनिट माझ्याबरोबर ओट्याखाली शोधत राहिली. शेवटी पान तिलाच सापडलं. "एवढंच ना?" म्हणून तिनं ते धुऊन फोडणीत टाकलं. मी तसाच.

डॉक्टरांनी पाय वर करून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि आईच्या देखत विचारलं, "लघवीवर ताबा आहे ना? पायाला बधिरपणा?" ताबा होता, बधिरपणा नव्हता. "मग घाबरू नका. स्नायू धरलाय. झोपून राहू नका, जमेल तसं चाला. काही दिवसांत आपोआप उतरेल." एवढ्याशा सल्ल्यावर आमच्या घराचं समाधान होणं शक्यच नव्हतं. फी दिली होती, आणि बदल्यात मिळालं काय, तर चाला!

"पायाळूची कंबर धरली," घरी येताना रिक्षात आई तीनदा म्हणाली. "ऐकावं ते नवल."

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं ते पाय आधी आले. साल १९६९, गाव वाई, सुईणीच्या हातावर, घरीच. पायाळूवर वीज पडते म्हणतात, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात, आणि त्यानं लाथ मारली की उसण उतरते म्हणतात. विजेच्या भीतीनं मला वळवाच्या पावसात अंगणात सोडत नसत. गुप्तधन दाखवायला मात्र कुणी नेलं नाही. राहता राहिली लाथ, आणि तिचा आमच्या आळीनं पुरेपूर वापर करून घेतला. शाळेला निघालो की ओटीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचंच. तीन लाथा, हलक्या हातानं, म्हणजे पायानं. बदल्यात खडीसाखर, कधी दहा पैसे. एकदा आमचे गणिताचे मास्तर आले आणि उपरणं बाजूला ठेवून निमूट पालथे झाले. त्यांना पाच बसल्या. पहिल्या तीन उसणीसाठी होत्या.

तेव्हा मसाजचं मशीन काय चीज असते हे मला दुकानदारानं सांगू नये. मी स्वतः ते होतो. त्यातला दोषही मला ठाऊक आहे. स्वतःचा पाय स्वतःच्या कंबरेला लागत नाही.

आईनं मग सोसायटीत दुसरा पायाळू शोधायला घेतला. दूधवाला, इस्त्रीवाला, कुरियरचा मुलगा, दारात येईल त्याला "तू पायाळू का रे?" एकानं "नाही आजी, मी सांगलीचा" असं उत्तर दिलं. चौथ्या मजल्यावर एक मुलगा निघाला, पण तो सिझेरियनचा. घरात वाद पेटला. दिवस भरताना तीन-चार टक्के बाळं पोटात उलटी, म्हणजे पाय किंवा ढुंगण खाली करून असतात. अशांना आता बहुतेक वेळा पोटातूनच काढतात. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हापासून तर जगभर हाच रिवाज झाला. मग असला मुलगा पायाळू धरायचा की नाही? मुलीचं म्हणणं, धरायचा; पोटात तो उलटाच होता. आईनं निकाल दिला, "ज्यानं दार वापरलंच नाही, त्याला पाय आधी टाकलास का डोकं, हे काय विचारायचं?" पायाळू ही जमात संपत आली आहे आणि सरकारदरबारी त्याची नोंदही नाही.

तेव्हा मशीनच. मुलीनं लॅपटॉप उघडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती, हे तिनं मला धीर यावा म्हणून सांगितलं. मला उगाच रांगेत उभं असल्यासारखं वाटलं. कंबरेचा पट्टा पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण याच संघटनेनं २०२३ साली जुनाट कंबरदुखीवर पट्टे आणि ट्रॅक्शन नकोत असं सांगितलंय. माझी कंबरदुखी जुनाट नव्हती, चार दिवसांची होती. पण पट्टा बांधला की मी बोजे उचलणाऱ्या पैलवानासारखा दिसतो असं बायकोचं मत पडलं, आणि जागतिक संघटनेला तिचा दुजोरा मिळाला.

मग आलं टेन्स. काडेपेटीहून थोडं मोठं डबडं, दोन वायरी, चार चिकट पट्ट्या. त्या कंबरेवर डकवायच्या आणि हलका करंट सोडायचा. मागचा विचार असा की, मेंदूकडे दुखण्याची वर्दी जाते त्या वाटेवर, मणक्यातल्या मज्जारज्जूपाशी, एक फाटक असतं. स्पर्शाच्या, चोळण्याच्या संवेदनांची गर्दी तिथं झाली की ते निम्मं लागतं आणि दुखणं बाहेर अडकतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली हे मांडलं. "म्हणजे पोर पडलं की आपण चोळतो ते," आई म्हणाली. "त्याला वायर कशाला?" पेसमेकर असलेल्यांनी हे लावायचं नसतं असंही मुलीनं वाचून दाखवलं. मला पेसमेकर नाही, पण करंट हा शब्द आईच्या कानात राहिला. ज्या मुलाला विजेपासून इतकी वर्षं सांभाळलं त्याच्या कंबरेला वीज जोडायची? टेन्स गेलं.

खुर्चीसाठी मात्र दुकानात गेलो. मसाजच्या खुर्चीचा उगम जपानातला; ओसाकात नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ च्या सुमारास त्या बनवून सार्वजनिक न्हाणीघरांना विकल्या. दुकानातली खुर्ची त्यांची पणती शोभावी अशी होती आणि किंमत एक लाख ऐंशी हजार. मुलानं मला बसवलं, बटण दाबलं आणि दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. खुर्चीनं आधी माझे खांदे कुठं आहेत ते चाचपलं. मग पोटऱ्यांच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत हवा भरली आणि पाय जागच्या जागी जखडले. दंडही. पाठीमागून दोन गोळे वर चढू लागले. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा होता, आणि तो मध्येच थांबवायचा रिमोट त्या मुलाच्या खिशात.

"गाय दुभताना असे पाय बांधतात," आई समोर स्टुलावर बसून म्हणाली. तिला मजा येत होती. प्रामाणिकपणे सांगायचं तर सातव्या मिनिटाला मलाही यायला लागली. पण एवढी खुर्ची ठेवायची तर दिवाणखान्यातून आम्हाला बाहेर पडावं लागलं असतं.

शेवटी मसाज गन ठरली. दिसायला थेट ड्रिल मशीन; पुढं बसवायला चार मुंडकी. एक चेंडूसारखं, एक चपटं, एक बंदुकीच्या गोळीसारखं आणि एक बेचक्यासारखं. बेचक्याची मधली फट कण्यासाठी, कारण ठोके हाडावर द्यायचे नाहीत, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर द्यायचे. मिनिटाला ३२०० ठोके, प्रत्येक ठोका बारा मिलिमीटर खोल. मी मनातल्या मनात तुलना केली. माझा वेग मिनिटाला तीन होता, पण खोली वीतभर.

निवड करायला आठवडा गेला, पार्सल यायला चार दिवस. तोवर उसण निम्मी उतरली होती. डॉक्टरांचं खरं होतंय हे मी कुणाला कळू दिलं नाही. साडेचार हजार भरले होते.

आणि मग लक्षात आलं की पाठीवर दुखणारी जागा नेमकी तिथंच असते जिथं आपला हात पोचत नाही. वरून नाही, खालून नाही, बगलेतून नाही. हात पिरगाळून गन तिथवर न्यावी तर खांदा भरून येतो, म्हणजे खांद्यासाठी दुसरी गन. बायकोनं मदत केली, पण मालिकेतल्या जाहिरातींपुरती. जाहिरात संपली की ती गन जिथं असेल तिथंच धरून पडद्याकडं बघायची. एकदा नायिकेला सत्य कळेपर्यंत माझ्या डाव्या बरगडीवर तब्बल सहा मिनिटं ठोके पडले.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या, जिना भिंतीला धरून. सकाळी बादली उचलताना उसण भरली होती. माझी कीर्ती अर्थातच आईनं पोचवली होती. "तू वाईचा पायाळू ना रे?" म्हणत त्यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी मागितली.

मी लगबगीनं गन आणली. "आजी, हे बघा. मिनिटाला ३२०० ठोके."

"मला तीनच पुरेत," आजी म्हणाल्या आणि मुलीच्या आधारानं पालथ्या झाल्या.

चाळीसएक वर्षांत मी कुणाला लाथ मारली नव्हती. एका हातानं दाराची चौकट धरली, दुसऱ्यानं स्वतःची कंबर. पाय उचलला, तो वीतभर वर गेला आणि तिथंच अडकला. "उजवा नव्हे, डावा," आई म्हणाली. बदलला. बायकोनं मालिकेचा आवाज बंद केला. मी श्वास धरून पहिली लाथ लावली आणि "आई गं!" असा आवाज आला.

तो माझा होता.

"दोन राहिल्या," सतरंजीतून आजी म्हणाल्या.