परसबागेतला प्रयोगवीर

प्रयोगवीर हा मनुष्यप्रकार परभणी जिल्ह्यातल्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी साधारण फेब्रुवारी ते जून या काळात आढळतो. तो बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला गुरुजी असतो. घरामागे थोडी मोकळी जागा, बोअरला जेमतेम पाणी आणि पुण्यात नोकरी करणारी, दूध-दही सोडलेली लेक या तीन गोष्टी जमून आल्या की तो तयार होतो. पहिल्या दोन गोष्टी गावात पुष्कळांकडे असतात, त्यामुळे तिसरी निर्णायक ठरते.

लागवड जानेवारीअखेर सुरू होते. भेंडी, गवार, दोडका, दुधी, कारलं, काकडी हे ठरलेलं. भेंडी मात्र ‘परभणी क्रांती’च हवी, असा त्याचा आग्रह असतो. 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने हा वाण 1980च्या दशकात काढला. भेंडीचा एका रानटी भावकीशी संकर करून त्यात पिवळ्या केवड्याला तोंड देण्याची ताकद आणली गेली. एवढी माहिती प्रयोगवीर बी मागणाऱ्याला देतो आणि न मागणाऱ्यालाही देतो. पुढे त्याच भेंडीवर केवडा आला, तर दोष शेजाऱ्याच्या भेंडीचा असतो.

एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. आता घरातलं सगळं पाणी बागेचं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी गवारीला, भाज्या धुतलेलं काकडीला. अंघोळ कुठे करायची हे दोडक्याच्या बुडाकडे पाहून ठरतं. पाहुण्यांनाही यातून सूट नाही. तापमान वाढलं की वेलांवर नरफुलं फार आणि मादीफुलं थोडी येतात. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून प्रयोगवीर दिवेलागणीला नरफूल खुडून मादीफुलावर अलगद फिरवतो. कुंपणापलीकडची पोरं हे टक लावून पाहतात. गुरुजी त्यांना परागीभवनाचा धडा देतात, जो वर्गात कधी इतका रंगला नव्हता.

मग एकदम पीक येतं. भेंडी दिवसाआड तोडली नाही तर जून होते आणि दुधी तर रात्रीतून वाढतो. घरात माणसं दोन. साहजिकच वाटप सुरू होतं. पहिल्या आठवड्यात गल्ली खूश असते. तिसऱ्या आठवड्यात पिशवी घेऊन येणारे गुरुजी दिसले की दारं लागतात. “गुरुजी, कालचाच दुधी पडलाय की हो घरात,” हे वाक्य मे महिन्यात गल्लीभर ऐकू येतं. बसस्टँडवर ओळखीचा माणूस दिसला तरी त्याच्या हातात दोन दोडके पडतात. उरलेला माल स्वयंपाकघरात शिरतो आणि इथून या प्रकाराचं खरं वैशिष्ट्य सुरू होतं.

लेकीने फोनवरून दीक्षा दिलेली असते: जनावराचं काही नको. पहिला प्रयोग सोयाबीनच्या दुधाचा. तालुक्यात पावसाळ्यात जिकडे तिकडे सोयाबीन असतं, पण ते पोत्यांतून मोंढ्यावर जातं, तिथून तेलाला आणि पेंडीला. चुलीपर्यंत सहसा पोचत नाही. प्रयोगवीर ते रात्रभर भिजवतो, सालं काढतो आणि वाटतो. गार पाण्यात वाटलं की दुधाला कच्च्या शेंगेचा उग्र वास येतो. कढत पाण्यात वाटलं तर तो पुष्कळ कमी होतो. हे त्याला दुसऱ्या खेपेला कळतं, तोवर घराला कळलेलं असतं. मग दूध उकळून, लिंबू पिळून, फडक्यात बांधून वर पाटा ठेवला की टोफू तयार. दूध गाळताना उरलेला चोथा थालीपिठात जातो आणि थालीपीठ का मोडतं यावर चर्चा होते.

दुसरा प्रयोग शेंगदाण्याच्या दह्याचा. दाण्याचं दूध उकळून कोमट करायचं आणि विरजण म्हणून त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात, त्यामुळे दही खरोखर लागतं. पालमच्या उन्हाळ्यात ते सकाळी लागतं आणि दुपारपर्यंत तोंडात धरवत नाही. “म्हशीनं तुमचं काय घोडं मारलंय?” हा काकूंचा प्रश्न याच वेळचा. त्याला शास्त्रीय उत्तर मिळतं, पण चहा मात्र गुरुजी म्हशीच्याच दुधाचा घेतात, लेक फोनवर नसताना.

खरी गंमत दुसरीकडे आहे. गुरुजी अंगणात टोफू दाबत असतात त्याच वेळी काकू गच्चीवर गवार आणि कारल्याच्या चकत्या वाळत घालत असतात. फडताळात येसर भरून ठेवलेला असतो. दोडक्याच्या शिरांची तिळातली चटणी, कारळाची चटणी, हुलग्याची शेंगोळी, कैरीचं पन्हं यांत कुठेही दुधाचा थेंब नसतो. यादीतून बाद होते फक्त ताकात मुरवलेली सांडगी मिरची. प्रयोगवीराच्या हे सहसा लक्षात येत नाही. दोडक्याच्या शिरा तो खतात टाकतो आणि काकू त्या वेचून परत आणतात. टोफूचा फोटो मात्र स्टेटसला जातो.

हा प्रकार निरुपद्रवी आहे, अपवाद दुधीच्या रसाचा. सकाळी अनशापोटी दुधीचा रस पिणं आणि पाजणं हा त्याचा उन्हाळी नेम असतो. एरवी त्यात वावगं नाही, पण कडक उन्हात पाण्याचा ताण पडलेला दुधी कधी कडू निघतो. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. कडू रस प्यायल्याने माणसं दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने 2011 साली असा रस पिऊ नये असं बजावलं होतं. तेव्हा गुरुजींनी पेला पुढे केला तर आधी दुधीची चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू लागली तर भिडेला न पडता रस ओतून द्यावा.