फोडायला साहेब कशाला?

'फोडा आणि झोडा' ही इंग्रजांची नीती, असं इतिहासाच्या पुस्तकात छापतात. आम्हा माकणीकरांचा याला सक्त आक्षेप आहे. इंग्रजांनी झोडलं, हे कबूल. फोडण्याचं श्रेय मात्र त्यांनी फुकटात लाटलं. साहेब आला तेव्हा माल आधीच फोडून, पाखडून, जातवार कट्टे शिवून तयार होता. त्यानं फक्त काटा केला.

दाखला आमच्याच धाराशिव जिल्ह्यातला आहे. निजामाच्या हैदराबाद राज्यात 'कंटिंजंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. म्हणजे ज्याच्यावर पहारा, त्यानंच पहारेकऱ्याला पोसायचं. पगाराची उधारी चढत गेली आणि 21 मे 1853 च्या तहात गव्हर्नर जनरल डलहौसीनं वऱ्हाड, रायचूरचा दोआब आणि आमचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख त्या पगारापोटी लावून घेतला. ठगावर कादंबरी लिहून विलायतेत नाव कमावलेला मेडोज टेलर कारभारी म्हणून नळदुर्गाला येऊन बसला. खरं तर रयतेनं एकमुखानं विचारायला हवं होतं, की बाबांनो, कुणाच्या फौजेपायी आमची गावं गहाण पडली? पण जी माणसं एका पंगतीला बसत नव्हती, ती एका फिर्यादीवर अंगठे कशी उठवणार? 1857 मध्ये निजाम इंग्रजांशी इमान राखून राहिला, म्हणून 1860 मध्ये हा मुलूख त्याला परत मिळाला. जाताना आम्हाला कुणी विचारलं नाही, येतानाही नाही.

पुढं लातूरचे वकील कासिम रझवी निजामाची सत्ता राखायला निघालेल्या रझाकारांचे म्होरके झाले. गावं लुटली गेली, जाळली गेली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि 17 तारखेला निजाम शरण आला. मग शेजारपाजारचे हिशेब निघाले. ज्यानं कधी रझाकाराची बंदूक पाहिलीही नव्हती, त्या मुसलमान शेजाऱ्याकडूनही वसुली झाली. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आमच्याच धाराशिवचं, नाव घातलं. साऱ्या संस्थानातल्या मृतांचा तिचा अंदाज होता 27 ते 40 हजार. तो अहवाल कित्येक वर्षं बासनात राहिला. सोयच झाली म्हणायची. दोन्ही बाजूंना आपापली अर्धीच गोष्ट जपता आली. एक अर्धी आम्ही दर 17 सप्टेंबरला भोंग्यावरून ऐकवतो, दुसरी वर्षभर चार भिंतींत कुजबुजली जाते.

आता जरा परमुलखात जाऊ. 2003 मध्ये अमेरिकेनं इराक घेतला. जुलैत अमेरिकेनं नेमलेल्या ब्रेमरसाहेबांच्या देखरेखीखाली 25 जणांची कारभारी परिषद बसली. त्यात 13 शिया अरब, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन आणि 1 असीरियन. परक्या फौजेच्या टाचेखाली देश, आणि त्यात पंथापंथांचा वाटा असा मोजून लावला, म्हणून जगभरच्या विद्वानांनी कपाळाला हात लावला. आम्ही पारावर ही यादी वाचून दाखवली, तर आप्पा म्हणाले,

"ह्यात नवं काय हाय? हे तर आपलं पॅनल हाय."

आणि खरंच, पारावर गावच्या निवडणुकीच्या पॅनलचीच जुळणी चालली होती.

"वरल्या गल्लीचे दोन घ्या. त्या वस्तीतला एक गडी घ्या, न्हाईतर मतं फुटतेत."

"आन् त्यांचा?"

"एक घ्यावाच लागतोय. पर फोटू कडंला टाका."

"आन् पान्याचं कोन बगनार?"

"पान्याला कुठली जात हाय व्हय? ते मागनं बगू."

गावालगत निम्न तेरणाचं धरण आहे, पण ज्याला जात नाही त्याला पॅनलमध्ये जागा नाही.

आज माकणीवर कुणाची फौज नाही. कंटिंजंट गेली, रझाकार गेले, लष्करी गव्हर्नर चौधरीही 1949 अखेर गेले. रान मोकळं झालं. तरी 17 सप्टेंबरला निजामाच्या नावानं बोटं मोडायची आणि 18 ला त्याच्याच दप्तरात आपला पणजा हुडकायला तहसील गाठायची, असा आमचा क्रम आहे. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटला पुन्हा मान मिळाला. मराठा बांधव म्हणाले, आमच्या कुणबी नोंदी निजामाकडं आहेत. ओबीसी बांधव म्हणाले, आमच्या ताटात हात घालू नका. बंजारा बांधव म्हणाले, त्याच गॅझेटात आम्ही आदिवासी आहोत. आदिवासी बांधव म्हणाले, खबरदार! एवढे बांधव एका जागी जमल्यावर भाऊबंदकीला काय तोटा?

गाऱ्हाणं यातल्या कुणाचंच खोटं नाही. सोयाबीनला भाव नाही, पोराला नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून सोयरीक नाही. उरला एक जातीचा दाखला. त्याच्यासाठी गाड्या भरभरून माणसं मुंबईला जातात. सोयाबीनचा भाव कुणी पाडला, हे विचारायला मात्र एक जीपही निघत नाही. कारण त्या चौकशीत शिव्या द्यायला शेजारी सापडत नाही. सापडतात ते फार वर बसलेले असतात, आणि आपल्याच जातीचे असले तर त्यांना आपण हार घातलेला असतो.

त्या साहेबाला आमच्यावर फौज ठेवायची, तर तिच्या पगारापोटी तीन-तीन मुलूख गहाण घ्यावे लागले. आताच्या साहेबांना तोही खर्च नाही. एकमेकांच्या दारावर पहाऱ्याला आम्हीच उभे आहोत, तेही बिनपगारी आणि घरची भाकरी बांधून.